शोभिवंत माशांच्या टाकीसाठी दगडांची पारख

काचेच्या टाकीत रंगीत मासे पाळण्याची आवड एके काळी मोठ्या शहरांपुरती मर्यादित होती. १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले, त्या वेळी असे मासे पाहणे हीच अनेकांस अपूर्वाई होती. आज तालुक्याच्या गावीही घरोघरी अशा टाक्या दिसतात, आणि २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनाचा समावेश झाल्यापासून शेतीस जोडधंदा म्हणून या व्यवसायाकडे पाहिले जाऊ लागले आहे. मासे, खाद्य, हवेचा पंप इत्यादी गोष्टी पालक पैसे मोजून व विचारपूस करून घेतो. दगड मात्र फुकट मिळतो. सबब तो ओढ्यातून, बांधावरून किंवा घरबांधणीच्या ढिगाऱ्यातून उचलून, वरवर धुऊन टाकीत ठेवला जातो. या एका बेफिकिरीमुळे पुढे पुष्कळ नुकसान होते, व त्याचे कारणही लवकर ध्यानात येत नाही. ते टाळण्यासाठी दगडाची पारख कशी करावी याची माहिती येथे दिली आहे.

दगड आणि पाणी यांचा संबंध

दगड पाण्यात विरघळत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. बहुतेक दगडांच्या बाबतीत तो व्यवहारापुरता खरा आहे. परंतु चुना असलेल्या दगडांस तो लागू पडत नाही. मासे श्वासावाटे कर्बद्विप्राणिद वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, पाण्यात सोडतात. हा वायू पाण्यात मिसळून सौम्य आम्ल तयार होते. ते आम्ल दगडातील चुना हळूहळू विरघळविते. त्यायोगे पाण्याचा जडपणा वाढतो व त्याचा सामू चढत जाऊन ८ च्या आसपास स्थिरावतो. जमिनीच्या परीक्षणात सामू ७ म्हणजे उदासीन, त्याहून कमी म्हणजे आम्लधर्मी व अधिक म्हणजे विम्लधर्मी असे समजतात; पाण्यासही तीच मोजपट्टी लागू आहे.

सामू वाढल्याने दुहेरी नुकसान होते. पहिले असे की, मऊ पाण्यातील माशांची वीण बिघडते. दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातून आलेला निऑन टेट्रा हा मासा मऊ व किंचित आम्लधर्मी पाण्यात अंडी घालतो. जड पाण्यात त्याची अंडी नीट फळत नाहीत. दुसरे नुकसान अधिक गंभीर आहे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात, व उरलेले खाद्य कुजूनही तो तयार होतो. पाण्यातील या अमोनियाचा काही भाग विषारी रूपात व उरलेला बऱ्याच अंशी निरुपद्रवी रूपात असतो. पाण्याचे उष्णतामान २५ अंश सेल्सिअस असताना सामू ७ असेल, तर एकूण अमोनियाच्या १००० भागांपैकी सुमारे ६ भाग विषारी असतात. सामू ८ झाला की तेच प्रमाण सुमारे ५० ते ५५ भागांवर जाते. म्हणजे अमोनिया तेवढाच राहिला तरी त्याचे विष जवळजवळ नऊपट होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. चुन्याचा दगड स्वतः विषारी नसतो. तो पाण्याचा स्वभाव बदलतो, आणि बदललेले पाणी माशांस मारते. समजा, कोकणातील एखाद्या कुटुंबाने परसात निऑन टेट्राची पैदास सुरू केली व माशांना आडोसा म्हणून टाकीत शहाबादी फरशीचे तुकडे रचले. पहिले काही दिवस काहीच दिसत नाही. पुढे अंडी वाया जाऊ लागतात, मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात व एक-दोन करून मरतात. पालक खाद्यास दोष देतो, मासे विकणाऱ्यास दोष देतो, औषधांवर पैसे खर्च करतो. फरशीकडे त्याचे लक्षही जात नाही. नवी पिल्ले आणली तरी फरशी टाकीतच असते, आणि नुकसानीची पुनरावृत्ती होते.

परिसरातील दगडांची ओळख

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसाल्टने व्यापलेला आहे. घट्ट, एकजीव व पोकळ्या नसलेला काळा पाषाण टाकीसाठी उत्तम होय. त्याचा पाण्यावर लक्षात येण्याजोगा परिणाम होत नाही. तथापि या पाषाणात पुष्कळदा लहानमोठ्या पोकळ्या असतात व त्या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या आढळतात. ते पांढरे खनिज गारगोटीचे, झिओलाइटचे किंवा कॅल्साइटचे असू शकते. गारगोटी कठीण असते. पोलादी चाकूने तिच्यावर ओरखडा उमटत नाही, व ती निर्धास्तपणे वापरता येते. कॅल्साइट हा मात्र शुद्ध चुनाच असून चाकूने सहज ओरखडला जातो. झिओलाइटही चाकूने ओरखडला जात असल्याने केवळ चाकूवरून या दोहोंतील फरक कळत नाही. त्यासाठी पुढे दिलेली आम्लाची कसोटी करावी. पांढऱ्या स्फटिकांनी गच्च भरलेला दगड दिसण्यास कितीही सुंदर असला तरी टाकीत ठेवू नये. त्याच्या टोकांनी माशांचे पंख व खवले फाटतात.

कोकणातील जांभा दगड लोहयुक्त व सच्छिद्र असतो. त्याने जडपणा वाढत नाही, परंतु मऊ प्रतीचा जांभा पाण्यात झिजतो व तांबडा गाळ सोडतो. हाताने चोळून भुकटी न निघणारा कठीण जांभा तेवढा निवडावा. भंडारा, गडचिरोली इत्यादी पूर्वेकडील जिल्ह्यांत मिळणारा ग्रॅनाइट व त्याच्या जातीचे दगड, तसेच सिंधुदुर्गातील गारेचा कठीण खडक, हे टाकीस योग्य होत. वालुकाश्म मात्र तपासूनच घ्यावा, कारण त्यातील वाळूचे कण कधी गारेने तर कधी चुन्याने सांधलेले असतात.

यवतमाळ जिल्ह्यातील वणी व चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना-राजुरा या भागांत चुनखडक आहे. तो मऊ पाण्याच्या टाकीस अयोग्य होय. काळ्या जमिनीत सापडणारे चुनखडीचे पांढरट खडेही त्याच वर्गातील आहेत. संगमरवर, शिंपले, शंख व प्रवाळ हेही मूलतः चुनाच होत.

येथे एका फसवणुकीपासून सावध राहावे. रंगावरून दगडाची जात ठरविता येत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यास वापरला जाणारा काळा कडप्पा पुष्कळांस काळ्या पाषाणासारखाच वाटतो, पण तो चुनखडक आहे. कर्नाटकातून येणारी शहाबादी फरशी व राजस्थानातून येणारी कोटा फरशी हेही चुनखडकच होत. चपटे तुकडे एकमेकांवर रचून गुहा करणे सोपे जाते म्हणून फरशीचे उरलेले तुकडे टाकीत वापरण्याचा मोह होतो. तो आवरावा.

आम्लाची कसोटी

चुनखडीयुक्त जमीन ओळखण्यासाठी मातीवर सौम्य आम्लाचे थेंब टाकून ती फसफसते काय हे पाहण्याची रीत गावपातळीवरील कार्यकर्त्यांस परिचित आहे. तीच कसोटी दगडासही लावता येते.

दगड स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवावा व हातोडीने त्याचा लहान तुकडा फोडावा. बाहेरचा पृष्ठभाग हवापाण्याने बदललेला असतो, म्हणून कसोटी नेहमी ताज्या फुटीवर घ्यावी. प्रथम साध्या पाण्याचे दोन थेंब टाकून पाहावे. सच्छिद्र दगडातील हवा बाहेर पडताना बुडबुडे येतात व ते आम्लामुळे आले असा गैरसमज होतो. पाण्याच्या थेंबाने तो दूर होतो. नंतर शेजारच्या जागेवर व्हिनेगार किंवा लिंबाचा रस टाकून काही मिनिटे निरीक्षण करावे. स्पष्ट फसफस झाल्यास दगडात चुना आहे असे समजावे.

फसफस न झाल्यास मात्र दगड निर्दोष ठरला असे मानू नये. व्हिनेगार व लिंबाचा रस ही दुर्बल आम्ले आहेत. चुन्याबरोबर मॅग्नेशियम असलेला डोलोमाइट हा दगड त्यांना दाद देत नाही. थंड व सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लातही तो अखंड असताना क्वचितच फसफसतो. यास्तव तुकड्याची थोडी भुकटी करून तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकावे. एक भाग तीव्र आम्ल नऊ भाग पाण्यात सावकाश मिसळावे. पाण्यात आम्ल ओतावे; आम्लात पाणी कधीही ओतू नये, अन्यथा आम्ल उसळून अंगावर येते. हे काम उघड्या हवेत, रबरी हातमोजे व डोळ्यांस चष्मा लावून, मुलांना दूर ठेवून करावे. जवळपास विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर नसावी, कारण तिचा आम्लाशी संबंध आल्यास विषारी वायू निघतो. शक्य तर ही चाचणी शाळेच्या अगर माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत जाणत्या व्यक्तीकडून करून घ्यावी. ज्या तुकड्यावर आम्ल टाकले, तो तुकडा टाकीत ठेवू नये.

साबणाची कसोटी

आम्ल उपलब्ध नसल्यास, किंवा आम्लाच्या कसोटीनंतरही शंका उरल्यास, पुढील प्रयोग घरच्या घरी करता येतो. यास वेळ लागतो, पण खर्च जवळजवळ काहीच नाही.

एकाच मापाच्या दोन स्वच्छ काचेच्या बरण्या घ्याव्यात. पहिले काही पाऊस होऊन गेल्यावर स्वच्छ भांड्यात थेट धरलेले पावसाचे पाणी, अथवा बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी, दोन्ही बरण्यांत सारखे भरावे. एका बरणीत सुमारे एक तृतीयांश भाग भरेल इतके, धुतलेल्या दगडाचे तुकडे टाकावेत. दुसरी तशीच ठेवावी. दोन्ही झाकून तीन आठवडे सावलीत ठेवाव्यात.

त्यानंतर प्रत्येक बरणीतील पाणी सारख्या मापाने वेगवेगळ्या बाटल्यांत घ्यावे. अंगाच्या साबणाचा कीस पाण्यात विरघळवून तयार केलेले द्रावण थेंबाथेंबाने टाकून बाटली हलवावी, व टिकाऊ फेस येण्यास किती थेंब लागले ते मोजावे. जड पाण्यात साबण वाया जातो व फेस उशिरा येतो, हा अनुभव खाऱ्या विहिरीवर धुणे धुणाऱ्या प्रत्येक गृहिणीस आहे. दगडाच्या बरणीतील पाण्यास स्पष्टपणे अधिक थेंब लागले, तर त्या दगडाने पाण्यात चुना सोडला असे निश्चित समजावे. या प्रयोगास कपडे धुण्याची आधुनिक पूड वापरू नये. ती जड पाण्यातही फेस देते व प्रयोग फसतो. दोन्ही पाण्यांचा सामू दाखविणारी कागदी पट्टी मिळाल्यास तीही लावून पाहावी. याच वेळी दगडाच्या बरणीतील पाण्यास रंग, वास किंवा तेलकट तवंग आला आहे काय हेही पाहावे. तसे आढळल्यास दगड टाकून द्यावा.

हे दोष कसोटीत दिसत नाहीत

वरील दोन्ही कसोट्या केवळ चुन्याचा शोध घेतात. धातू व कीटकनाशके यांचा पत्ता त्यांना लागत नाही. म्हणून दगड कोठून आणला, हा प्रश्न कसोटीइतकाच महत्त्वाचा आहे.

सोनेरी चकाकी असलेले कण सुवर्णमाक्षिकाचे असू शकतात. हे लोह व गंधक यांचे खनिज हवेच्या व पाण्याच्या संपर्काने बदलते व आम्ल तयार करते. हिरवे-निळे डाग तांब्याच्या खनिजाचे असण्याचा संभव असतो. तांबे माशांस अपायकारक आहे. गोगलगायी व कोळंबी यांस तर ते अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते, आणि मऊ पाण्यात त्याचे विष अधिक चढते. काळ्या पाषाणातील प्रत्येक हिरवा डाग तांब्याचाच असतो असे नाही; परंतु टाकीच्या बाबतीत संशयाचा फायदा दगडास देऊ नये. नागपूर-भंडारा पट्ट्यातील मँगनीजच्या खाणी व इतर धातूंच्या खाणी यांच्या परिसरातील दगड घेऊ नयेत. शिरा व गंज असलेले दगडही वगळावेत.

कापूस, द्राक्षे, भाजीपाला अशा वारंवार फवारणी होणाऱ्या पिकांच्या बांधावरील दगड, फवारणीचे पंप धुण्याच्या जागेजवळील दगड, सांडपाण्याच्या नाल्यातील व रस्त्यालगतचे तेल सांडलेले दगड यांस हात लावू नये. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके माशांस अतिशय विषारी आहेत, व सच्छिद्र दगड असे द्रव शोषून धरतो. वरून धुतल्याने तो स्वच्छ दिसेल. आतून स्वच्छ झाला याची खात्री देता येत नाही.

स्वच्छता व मांडणी

निवडलेला दगड ताठ केसांच्या ब्रशने वाहत्या पाण्याखाली घासावा. साबण, सोडा किंवा भांड्याची पूड लावू नये. नंतर आठवडाभर बादलीत भिजत ठेवून रोज पाणी बदलावे व शेवटी कडक उन्हात वाळवावा. जंतू मरावेत म्हणून दगड चुलीत टाकण्याची किंवा उकळण्याची चूक करू नये. दगडाच्या पोकळीत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो, व उडालेल्या कपच्यांनी डोळ्यास इजा होऊ शकते.

वजनाचाही हिशेब ठेवावा. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा टाकीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. काळा पाषाण पाण्याच्या सुमारे पावणेतीन ते तीनपट जड असतो. १० किलो दगड घातल्यास साडेतीन लिटरच्या आसपास पाण्याची जागा व्यापली जाते. औषध देताना हे पाणी वजा करून, टाकीत प्रत्यक्ष असलेल्या पाण्यावरच मात्रा ठरवावी. एरवी मात्रा अधिक होते.

जड दगडाचे टोक काचेवर टेकल्यास तळ तडकतो. दगडाखाली थर्माकोलचा पातळ पत्रा घालावा, आणि दगड प्रथम बसवून मग त्याभोवती वाळू पसरावी. वाळूवर ठेवलेल्या दगडाखालची वाळू मासे उकरतात व दगड कलंडतो. एकावर एक रचलेले दगड हाताने हलवून पाहावेत. ते जोडण्यासाठी मत्स्यटाकीचा सिलिकॉन वापरावा व तो पूर्ण वाळून वास गेल्याखेरीज पाणी भरू नये. सिमेंट मात्र टाळावे. नव्या सिमेंटमधून चुना सुटून सामू झपाट्याने चढतो. याच कारणासाठी सिमेंटच्या नव्या हौदातही मासे सोडण्यापूर्वी दोन-तीन आठवडे पाणी भरून ते वारंवार बदलावे लागते.

कोणत्या पाण्यास कोणता दगड

चुन्याचा दगड सर्वत्र त्याज्य आहे असे मात्र नाही. आफ्रिकेतील मलावी व टांगानिका या सरोवरांचे पाणी विम्लधर्मी, सुमारे ८ ते ९ सामूचे आहे. तेथील माशांच्या टाकीत चुनखडक हितावहच ठरतो. गप्पी व मोली हे मासेही मध्यम जड पाणी चांगले सहन करतात. निऑन टेट्रा व डिस्कस यांच्यासाठी मात्र चुन्याचा अंशही नसलेला दगड हवा.

पाण्याचाही विचार करावा. काळ्या जमिनीच्या भागातील विहिरींचे पाणी पुष्कळदा आधीच जड असते. अशा पाण्यात चुन्याचा दगड फारसा विरघळत नाही व फरक चटकन जाणवत नाही. जांभ्याच्या प्रदेशातील पाणी बहुधा मऊ व किंचित आम्लधर्मी असते. तेथे तोच दगड वेगाने विरघळतो. सोलापूरच्या नातेवाइकाकडे जो दगड वर्षभर निर्धोक ठरला, तोच सावंतवाडीच्या टाकीत घातक ठरू शकतो, तो यामुळे. दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबून न राहता आपल्या पाण्यातच चाचणी घेणे इष्ट होय.

कायद्याची मर्यादा

प्रवाळ हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे; समुद्रकिनाऱ्यावरून तो गोळा करणे अगर विकणे हा गुन्हा होय. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने येथून दगड उचलू नयेत. विक्रीसाठी नदीनाल्यातून दगडगोटे काढावयाचे असल्यास ते गौण खनिज ठरत असल्याने तहसील कार्यालयात चौकशी करून रीतसर परवानगी घ्यावी. ओढ्यातील गोट्यांखाली लहान मासे व कीटकांच्या अळ्या राहतात. यास्तव घरच्या टाकीपुरतेही दगड एकाच जागेवरून न उपसता, पाण्याबाहेर पडलेल्यांतून घ्यावेत.

कार्यकर्त्यांनी काय करावे

ज्या गावी शोभिवंत मत्स्यपालनाचा बचतगट अथवा होतकरू तरुण असतील, तेथे कार्यकर्त्यांनी काळा पाषाण, गारगोटी, शहाबादी फरशी व कडप्पा यांचे एकेक तुकडे बरोबर न्यावेत व चौघांसमक्ष आम्लाचे थेंब टाकून दाखवावेत. दिसण्यास सारखे असणाऱ्या दोन काळ्या दगडांपैकी एक शांत राहतो व दुसरा फसफसतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे निराळे समजावून सांगावे लागत नाही. मासे मरू लागल्याची तक्रार कोठून आल्यास औषध सुचविण्यापूर्वी टाकीतील दगड बाहेर काढून पाहावा, आणि त्यावरही दोन थेंब टाकावेत.